बिशपने सम्राटाला दारात खरेच अडवले होते का?

थेस्सलोनिका या ग्रीक शहरातील कत्तलीनंतर मिलानचा बिशप अँब्रोज याने रोमन सम्राट थिओडोसियसला चर्चच्या दारातूनच परत पाठवले, हे खरे का, आणि खरे असल्यास सम्राटाने ते सहन कसे केले, असे आपण विचारले आहे.

दारातला प्रसंग बहुधा घडलेला नाही. तो रंगवून सांगणारा थिओडोरेट हा पाचव्या शतकातला इतिहासकार आहे. पुढे रुबेन्ससारख्या चित्रकारांनी तो असा काही ठसवला की खुद्द अँब्रोजने सम्राटाला लिहिलेले पत्र मागे पडले.

इ.स. ३९० मध्ये एका लोकप्रिय रथस्वाराला कैद केल्याच्या रागातून थेस्सलोनिकातील जमावाने बुथेरिक या सेनाधिकाऱ्याला ठार मारले आणि सम्राटाच्या हुकमावरून सैन्याने त्याचा सूड उगवला. थिओडोरेट ७,००० बळी सांगतो. तो आकडा मी जपूनच वापरेन. अँब्रोजने प्रकृतीचे कारण पुढे करून सम्राटाची भेट टाळली आणि एकट्या सम्राटानेच वाचावे म्हणून स्वहस्ते पत्र लिहिले. बायबलमधील दावीद राजाने आपले पाप कबूल केले तसे आपणही करावे, तोवर आपल्या उपस्थितीत मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करण्याचे मला धाडस होत नाही, असा त्याचा आशय होता. बिशप होण्यापूर्वी, म्हणजे ३७४ पर्यंत, हा माणूस रोमन प्रांताधिकारी होता. चारचौघांत अपमान झालेला सत्ताधीश माघार घेत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होते.

सम्राट नमला, त्यामागे माझ्या मते एक सहसा दुर्लक्षित राहणारे कारण आहे. आधीचा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने बाप्तिस्मा मृत्युशय्येवर घेतला, तर थिओडोसियसने ३८० मधील गंभीर आजारपणातच घेतला होता; त्यामुळे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असलेला चर्चच्या प्रायश्चित्ताचा नियम त्याला इतर कोणत्याही श्रद्धावंताप्रमाणे लागू होत होता. राजचिन्हे उतरवून तो चर्चमध्ये सर्वांसमक्ष रडला, असे अँब्रोजने ३९५ मध्ये सम्राटाच्या निधनानंतर केलेल्या श्रद्धांजलीच्या भाषणात सांगितले आहे.

मात्र अँब्रोजला केवळ न्यायाचा कैवारी ठरवण्यापूर्वी ३८८ चे प्रकरणही पाहावे. युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकममध्ये ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) जाळले, तेव्हा स्थानिक बिशपने ते बांधून द्यावे, असा न्याय्य हुकूम याच सम्राटाने दिला होता. अँब्रोजने भर चर्चमध्ये, सम्राट समोर असताना, हुकूम मागे घेण्याचे वचन मिळेपर्यंत वेदीकडे जाण्याचे नाकारले. वचन मिळाले, आणि हा विजय त्याने आपल्या बहिणीला, मार्सेलिनाला, पत्राने समाधानपूर्वक कळवला.