स्वतःला स्वतः वगळू नकोस

प्रिय डावखुऱ्या,

वयाचं आधी बोलून घेऊ. तू एकोणतीसचा आहेस, शेवटचा रणजी सामना खेळून चार वर्षं झाली आणि यंदाच्या मुंबईच्या संभाव्य खेळाडूंच्या यादीत तुझं नाव नाही. भारताकडून तू खेळशील असं मला वाटत नाही. मुंबईकडून पुन्हा खेळशील का, तेही सांगता येणार नाही. निवड समितीपुढे दोन डावखुरे फिरकीवाले आहेत, एक बावीसचा, एक एकोणतीसचा, आणि बावीसचा आठव्या नंबरवर येऊन तीस-चाळीस धावाही करतो. ते कोणाला घेतील हे तुला मी कशाला सांगू? तरी तू विचारलंस, "सर, माझं आता काही होईल का?" हे मला विचारू नकोस. कोणालाच विचारू नकोस.

मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. परवाच्या रविवारी क्रॉस मैदानावर मी तंबूत बसून तुझी मॅच बघत होतो. विकेट ओलसर होती, चेंडू थांबून येत होता, समोर दोन उजवे फलंदाज चाचपडत होते. कॅप्टन चेंडू घेऊन तुझ्याकडे आला आणि तू त्या अठरा वर्षांच्या पोराकडे बोट दाखवलंस. नंतर मला म्हणालास, "त्याचं करिअर आहे सर, माझं काय." तंबूतल्या दोघा-तिघांना तुझा मोठेपणा वाटला. मला नाही वाटला. वगळणं हे निवड समितीचं काम आहे, त्यासाठीच तिला नेमलेलं असतं. ते काम तू आपल्या अंगावर का घेतोस? त्या पोरालाही तू काय शिकवलंस? एकोणतिसाव्या वर्षी चेंडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो, एवढंच.

मुंबईचे डावखुरे फिरकीवाले पद्माकर शिवलकर यांचं नाव तुझ्यासारख्यांपुढे नेहमी घेतलं जातं, आणि नेहमी उसासा टाकून. प्रथम श्रेणीत 124 सामने, 589 बळी, सरासरी 19.69, आणि एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात भारताकडे तसेच डावखुरे फिरकीवाले बिशनसिंग बेदी होते. "बिचारे शिवलकर" म्हणतात. मला त्या "बिचारे"ची चीड आहे. 1972-73 ची रणजी फायनल घे. चेपॉकवर मुंबई 151 आणि 113 धावांत आटोपली. एवढ्या धावांवर फायनल हरतात. मुंबई जिंकली, कारण शिवलकरांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 18 धावांत 5 बळी घेतले. तमिळनाडू 80 आणि 61. ज्याने हे केलं त्याला बिचारा म्हणणारे आपण कोण? पुढे 1987-88 च्या मोसमात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईने त्यांना पुन्हा बोलावलं आणि ते खेळले. ज्याने चेंडू खाली ठेवलाय त्याला असं बोलावणं येत नाही, एवढं लक्षात घे.

मुंबईच्याच फिरकीवाल्या प्रवीण तांबेबद्दल फार बोलणार नाही, कारण त्याचं उदाहरण तू लॉटरीच्या तिकिटासारखं खिशात ठेवशील. 2013 मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी आयपीएल, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याआधीची कितीतरी वर्षं तो ऑफिस क्रिकेट आणि क्लब क्रिकेटमध्ये टाकत राहिला, मध्यमगती सोडून लेगस्पिनकडे वळला, तेव्हा कोणीही बघत नव्हतं. मला तेवढीच वर्षं महत्त्वाची वाटतात.

मुंबईचा फलंदाज अमोल मुझुमदार, त्याचं मात्र बोलायलाच हवं. पदार्पणात 260, प्रथम श्रेणीत 11,167 धावा, 30 शतकं, आणि भारताची टोपी नाही. 2009 मध्ये मुंबई सोडून तो आसामकडून खेळला, मग आंध्रकडून. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा सगळे म्हणाले, अखेर न्याय झाला. मलाही आनंद झाला, डोळे भरून आले. पण त्या 11,167 धावांना न्यायासाठी विश्वचषकाची वाट बघायची गरज होती, हे मी मान्य करणार नाही. त्या काढल्या त्या दिवशीच त्या पूर्ण होत्या. तू रणजीत खेळलास त्या तीन सामन्यांतले तुझे सात बळीही तसेच पूर्ण आहेत. पुढे कशाची तरी पहिली पायरी म्हणून ते मोजायचे नसतात.

माझंही सांगतो, कारण तू ते अर्धवट ऐकलं असशील. मला मुंबईच्या संघातून वगळलं तेव्हा कोणी कळवलंही नाही. पेपरात यादी वाचली. मी बँकेत होतो. बँकेत प्रमोशन म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे मुंबईचं क्रिकेट बंद. मी प्रमोशन नाकारलं, पुन्हा आलं तेव्हा पुन्हा नाकारलं. बरोबरचे लोक चीफ मॅनेजर होऊन निवृत्त झाले, मी काउंटरच्या आतल्याच बाजूला राहिलो. माझी बायको अजून कधीतरी म्हणते की प्रमोशन घेतलं असतं तर घर मोठं झालं असतं. झालं असतं. मुलाच्या शिक्षणासाठी कर्जही कमी काढावं लागलं असतं. हे मला सलत नाही असं नाही. पण चाळिशी उलटल्यावर मुंबईच्या भर पावसाळ्यातल्या कांगा लीगमध्ये, घोट्यापर्यंत गवत आणि चिकट विकेट, मी रणजी खेळणाऱ्या पोरांना क्रीजवर बांधून ठेवत होतो. संध्याकाळी किटबॅग खांद्यावर टाकून चर्चगेटकडे जाताना माझ्या मनात कोणाविषयी तक्रार नसायची. कोणी मला निवडलं नव्हतं आणि मी खेळत होतो. माझा निर्णय बरोबर होता. बायकोसमोर सांगतो, तुलाही सांगतो.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे. ईशान्येकडच्या एका संघाने तुला पाहुणा खेळाडू म्हणून विचारलंय आणि तू आठवडाभर उत्तर दिलेलं नाहीस. का? प्लेट गटात, म्हणजे रणजीच्या खालच्या गटात, खेळणं कमीपणाचं वाटतं म्हणून? आमच्या पिढीत मुंबई सोडणं म्हणजे हार मानणं समजायचे, आणि ते माझ्याही हाडात मुरलंय. तुझ्या हाडात ते कुठून आलं? तुझ्या वयाच्या मुलाने ते बाळगायचं कारण नाही. तिथेही चार दिवसांचाच सामना असतो, बावीस यार्डांचीच विकेट असते आणि एका डावात पस्तीस ओव्हर टाकायला मिळतात. इथे तुला शेवटच्या पस्तीस ओव्हर कधी मिळाल्या ते आठव.

तुझी बायको "अजून किती वर्षं" असं विचारते म्हणालास. तिचं बरोबर आहे. तुझ्या कंपनीतल्या नोकरीचा करार दर वर्षी नव्याने होतो. निर्लॉन, मफतलाल, टाटा, बँका यांचे संघ खेळाडूला निवृत्तीपर्यंत सांभाळायचे, ते दिवस आता नाहीत. पण तिला तारीख देऊ नकोस. तारीख दिलीस की त्याच दिवशी तू स्वतःला वगळलंस. तिला हिशेब दे. बोर्डाने 2021 पासून ठरवलेल्या दराने वीसपर्यंत रणजी सामने खेळलेल्याला अकरामध्ये असल्यावर दिवसाला 40,000 रुपये मिळतात. चार दिवसांचे 1,60,000. प्लेटच्या साखळीतले पाच सामने खेळलास तर 8 लाख. बाहेर बसलास तर निम्मे. त्यातून कंपनी बिनपगारी रजा लावेल ती वजा कर. कागदावर मांड आणि तिच्यासमोर ठेव, मग दोघं मिळून ठरवा. ती नाही म्हणाली तर मला फोन कर, मी येईन बोलायला. तिची समजूत काढायला येणार नाही, तिचं ऐकायला येईन.

आणि गोलंदाजी. गेली दोन वर्षं तू चेंडू चपटा, उंची न देता टाकतोयस. ट्वेंटी-ट्वेंटीत मार बसू नये म्हणून लागलेली सवय लाल चेंडूतही आणलीस. फलंदाज पुढे आला की तू टप्पा मागे ओढतोस. तुझा उंच येणारा, शेवटच्या क्षणी खाली बसणारा चेंडू गेला कुठे? त्याच चेंडूवर तुला मुंबईची टोपी मिळाली होती. षटकार बसेल म्हणून तो टाकायचा बंद केलास, म्हणजे तुझ्यातला गोलंदाज तूच वगळलास. बसू दे षटकार.

मुंबई सोडून खेळायला लागणाऱ्या एनओसीचा, म्हणजे ना-हरकत पत्राचा, अर्ज सोमवारीच टाक, असोसिएशनच्या ऑफिसात दुपारी गर्दी कमी असते. त्या संघाला आजच होकार कळव, मात्र बायकोशी बोलल्यावर. मंगळवारी सकाळी साडेसहाला नेट्सवर ये, जुना एसजी चेंडू मी आणतो. आणि रविवारी कॅप्टन तुझ्याकडे आला तर चेंडू घे.

तुझा,
सर