बर्लिन आणि हिरवा स्टिकर

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. २००३ ची डिझेल मोटरहोम नुकतीच घेतली. उन्हाळ्यात नाशिकहून आईबाबा येतील, त्यांना घेऊन बर्लिनला जायचंय. परदेशी गाडीलाही स्टिकर लागतो का?

उत्तर : लागतो. बर्लिनच्या मध्यभागी पर्यावरण झोन आहे, तिथे कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांनाच प्रवेश, आणि त्याची खूण म्हणजे हा हिरवा स्टिकर. नंबरप्लेट कुठल्या देशाची, याच्याशी तिथे कुणाला देणंघेणं नाही. पण स्टिकर मागवण्याआधी गाडीचे कागद काढून बघा. डिझेलला हिरवा, ४ आकड्याचा स्टिकर गाडी युरो ४ (धुराच्या प्रमाणाचा युरोपीय दर्जा) किंवा त्यापुढची असेल तरच मिळतो, किंवा युरो ३ असून वर काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असेल तर. तुमची गाडी बहुधा युरो ३ निघेल. फिल्टर नसेल तर आत शिरायच्या भानगडीत पडू नका. नुसती उभी दिसली तरी १०० युरो दंड.

मी तर म्हणेन, फिल्टरवर खर्च करूच नका. बर्लिनचा हा झोन म्हणजे एस-बानच्या (शहरातल्या लोकल रेल्वेच्या) रिंगच्या, म्हणजे गोल मार्गाच्या, आतला भाग. रिंगबाहेर कॅम्पिंगला गाडी लावा, लोकलचं एबी भाडे-विभागाचं तिकीट काढा आणि तिनेच फिरा. आईबाबांनाही तेच सुखाचं, पार्किंग शोधत तासभर घिरट्या नकोत.

फिल्टर असलाच, तर टीयूव्ही किंवा डेक्रा या गाड्या तपासणाऱ्या संस्थांच्या केंद्रात स्टिकर मिळेल. त्यावर तुमचाच गाडीनंबर लिहिलेला हवा. समोरच्या काचेला आतून, उजवीकडे खाली चिकटवा.