चेन-कॅसेट लवकर झिजली, वॉरंटीचं काय?

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी नवी माउंटन बाइक घेतली. आता चढावर जोर दिला की चेन दात्यांवरून उडते. चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि पुढची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) तिन्ही झिजल्याचं विक्रेत्याचा मेकॅनिक सांगतो. विक्रेता म्हणतो, 'झिजणारे भाग वॉरंटीत येत नाहीत, शिवाय तुम्ही चिखलात चालवली.' नवे भाग माझ्या खर्चाने बसवू का?

उत्तर : बसवा, पण घाई नको. आधी सगळे भाग सायकलवर असतानाच दुसऱ्या जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या, दात्यांचे जवळून फोटो काढा आणि काढलेले भाग स्वतःच्या ताब्यात ठेवा. ते दुकानातच भंगारात गेले, तर तुमचा मुख्य पुरावा गेला.

वॉरंटीतून नेहमीची झीज वगळणं बेकायदेशीर नाही. चेन झिजायचीच. पण विक्रेता 'झीज' म्हणाला म्हणून चौकशी तिथे थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये 'दोष' म्हणजे वस्तूच्या गुणवत्तेतील, क्षमतेतील किंवा दर्जातील उणीव. इथे खरा वाद झीज कशामुळे झाली याचा आहे, आणि त्याचं उत्तर बरंचसं त्या दात्यांवरच सापडतं.

चेन मोजायला सांगा. अकरा-बारा गिअरच्या सायकलवर लांबी सुमारे ०.५ टक्के वाढली की चेन बदलायची असते. त्यापुढे तीच चेन कॅसेटचे दाते खात जाते. तुमची चेन ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेली असेल आणि तुम्ही ती ना साफ केली, ना तेल दिलं, तर तुमची बाजू दुबळी आहे. अशा वेळी मी खटल्याचा सल्ला देणार नाही. मात्र चेन मर्यादेत असूनही दाते गेले असतील, झीज दात्यांच्या एकाच बाजूला असेल, डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग सायकलला जिथे बसतो तो तुकडा) पहिल्यापासून वाकडा असेल, चेन आखूड बसवली असेल किंवा कॅसेटशी न जुळणारी चेन लावली असेल, तर संशय धातूवर किंवा जोडणीवर जातो. ही तपासणी लेखी घ्या, त्यावर मेकॅनिकची सही आणि तारीख हवी. पुढे त्याचं शपथपत्र लागेल, हेही त्याला आत्ताच सांगा.

चिखलाचा मुद्दा मला पटत नाही. डोंगरवाटांसाठी म्हणून विकलेली सायकल चिखलात गेली, यात ग्राहकाचा गैरवापर कसला? जाहिरात, बिल आणि माहितीपुस्तिका जपून ठेवा. चेन कधी मोजायची, कधी बदलायची हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल, तर तेही तक्रारीत लिहा. चिखलानंतर सायकल न धुणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याबाबत पुढे ग्राहक आयोगाकडे गेलात तर खरं तेच सांगा, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल.

विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही लेखी नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. सदोष भाग बदलून द्या किंवा त्यांची किंमत परत करा, आणि तपासणीचा खर्च द्या, एवढीच मागणी ठेवा. मानसिक त्रासाचे मोठे आकडे घातले की मूळ मुद्दा हलका होतो. तोंडी नकार ई-मेलवर मागून घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर काही प्रकरणं तिथेच मिटतात.

नाहीच मिटलं, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जा; विक्रेत्याच्या गावी जायची गरज नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रार-शुल्क नाही, आणि वकील लावणं बंधनकारक नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर कलम ३८ नुसार आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. जुने भाग जपायला सांगितले, ते यासाठीही. त्या तपासणीचं शुल्क आधी तुम्हालाच भरावं लागू शकतं, म्हणून कॅसेटची किंमत आणि हा खर्च यांचा हिशेब करूनच अर्ज करा.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती खरेदीच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे मुदतीवरून वाद उरणार नाही. चेन उडाल्यामुळे तुम्ही पडून इजा झाली असेल, तर वैद्यकीय कागद घेऊन मला पुन्हा लिहा. उत्पादन-दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईची, तरतूद तेव्हा लागू होते, नुसत्या सायकलच्या नुकसानीला नाही.