'मॉर्टल कॉइल'मधला 'कॉइल' वेटोळं नव्हे

शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या 'टू बी ऑर नॉट टू बी' या स्वगतात 'शफल्ड ऑफ धिस मॉर्टल कॉइल' असं येतं; त्यातला कॉइल गिझरच्या कॉइलपैकीच का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. 'नश्वर देहाचं वेटोळं' असं गाइडांमधून ठोकून दिलेलं असतं, वर जीवनचक्र नि कुंडलिनीची आरास. हे सगळं मागाहून चिकटवलेलं आहे.

हा कॉइल म्हणजे कालवा, गलका, गोंधळ. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी बोलण्यात रुळलेला शब्द, आता मेलेला. दोरीच्या वेटोळ्याचा कॉइल निराळा: तो लॅटिन 'कोलिगेरे', म्हणजे गोळा करणे, यातून फ्रेंचमार्गे आला आणि त्याच्या लेखी नोंदी १६१०नंतरच्या. हॅम्लेटची दुसरी क्वार्टो प्रत (क्वार्टो म्हणजे त्या काळची छोट्या आकारातली छापील आवृत्ती) १६०४-०५ची. एवढ्यावर खरं तर वाद मिटायला हवा.

तरी पटत नसेल तर शेक्सपिअर हाच शब्द इतरत्र कसा वापरतो ते बघा. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या दुसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात ज्युलिएटची दाई रोमिओचा निरोप घेऊन येते, पण सांगेल तर शपथ! हाडं दुखतात, डोकं ठणकतंय, पाठ मोडली, तुझी आई कुठे आहे... ज्युलिएट वैतागून म्हणते, 'हिअर्स सच अ कॉइल!' म्हणजे काय कालवा लावलाय हा! इथे वेटोळं बसवून दाखवा. 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकात अर्सुला घरी 'ओल्ड कॉइल' चालू असल्याचं सांगते. त्यातला 'ओल्ड' जुना नव्हे, 'भरपूर' या अर्थाचा, आणि तिथे हटकून चूक होते. 'टेम्पेस्ट'मध्ये वादळाने जहाजावर उडालेला हाहाकार, तोही कॉइलच. 'कीप अ कॉइल' दिसलं की डोळे मिटून 'गोंधळ घालणे' लिहा.

या शब्दाचं मूळ मात्र अज्ञात आहे. गेलिक या स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या भाषेतल्या 'उकळणे' अर्थाच्या शब्दाशी काहींनी नातं जोडलं होतं, पण पुराव्याला ते टिकत नाही.

आता एक सवलत देतो. हॅम्लेटच्या त्या ओळीतलं 'शफल्ड ऑफ' हे क्रियापद 'झटकून टाकणे' या अर्थाचं आहे, त्यामुळे अंगाभोवतीचं काहीतरी गळून पडल्याचा भास होतो, आणि काही टीकाकारांनी त्यात देहाचं आवरणही पाहिलंय. भास म्हणून चालेल. परीक्षेत अर्थ विचारला तर 'मर्त्य जगाची धांदल' लिहा, आणि मार्क कापले तर ज्युलिएटचा प्रवेश उघडून समोर ठेवा.