दाब, दबाव आणि चेपणं

गोव्यातल्या केप्याहून एका वाचकाने विचारलंय: मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर कामाला असलेल्या भाच्याच्या टिपणांचं मराठी करताना ‘विहिरीत आम्ल सोडल्यावर दबाव तुटला’ असं लिहिलंय, चालेल का?

नाही चालणार. दबाव येतो तो मंत्र्यावर, पंचावर, साक्षीदारावर. कुकरमध्ये, टायरमध्ये, खडकात असतो तो दाब. दर पावसाळ्यात ‘अरबी समुद्रात कमी दबावाचा पट्टा’ ऐकून कान किटले. हिंदी बातमी समोर ठेवून घाईत उतरवलेलं मराठी, दुसरं काय! रक्तदाब म्हणताना कुणी चुकत नाही, मग समुद्रावरच जीभ का घसरते?

आणि दाब तुटत नाही. मुंबई हायचा तेल धरणारा खडक मुख्यतः चुनखडीचा. हायड्रोक्लोरिक आम्ल त्यात वाटा कोरत जातं. पंपाचा वेग तोच असताना काटा हळूहळू खाली आला, तर बहुधा आम्ल खडकात वाट काढतंय. तिथे ‘दाब उतरला’ लिहा. एकदम पडला तर ‘कोसळला’. मग खडक चिरला की नळी गळतेय, ते तपासणं आलं. पंप बंद करताच होणारी तात्काळ घट मात्र मुख्यतः घर्षणाची असते, वाहणं थांबलं म्हणून. या सगळ्याला ‘तुटला’ म्हटलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

हिंदीत रक्तदाबाला रक्तचाप म्हणतात. हा चाप म्हणजे संस्कृतातलं धनुष्य, दोरी ताणली की ताण आणि ताणावरून दाब, असं सांगणारे विद्वान भेटतात. साफ चूक! हा चाप ‘चाँपना’च्या घरातला, म्हणजे दाबणं, मळणं. त्याचंच आज्ञार्थी रूप ‘चाँपो’ अठराव्या शतकात इंग्रजांनी उचललं आणि त्याचा शॅम्पू झाला! तेव्हा शॅम्पू म्हणजे अंग रगडणं. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ब्रायटनला हाच व्यवसाय थाटला. केस धुणं हा अर्थ मागाहून आला.

आपलं ‘चेपणं’ याच कुळातलं, असं माझं ठाम मत आहे. गोव्यात सांगे गावच्या घरी आजी खोबरेलाची वाटी पुढे सरकवायची. मी पोटरीवर नुसता जोर दिला की म्हणायची, “दाबू नको रे, चेप!” चेपणं म्हणजे तेल आत जिरेपर्यंत दाबत राहणं. तेलविहिरीत सिमेंटचा पातळ गारा दाबाने भेगाछिद्रांत घुसवतात, त्या कामाला तिथले लोक ‘स्क्वीझ’ म्हणतात. परिभाषावाले त्याला ‘संपीडन’ करून ठेवतील. पण संपीडनात वस्तू आवळली जाते, आत काही शिरत नाही. आजीचा शब्द इथे नेमका बसतो. भाच्याच्या टिपणात स्क्वीझ आलं असेल, तर बिनधास्त ‘चेपण’ लिहा.