स्वित्झर्लंडला समुद्र नसताना जिनिव्हाच्या क्लबने अमेरिकाज कप कसा जिंकला?

आपला प्रश्न असा आहे की, ज्या देशाला समुद्रकिनाराच नाही त्या देशातील एका क्लबने शिडाच्या बोटींची सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा दोनदा कशी जिंकली. तिथे खरोखर काही परंपरा आहे, की हा सगळा पैशाचा खेळ होता? नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे जिनिव्हात राहिलो आणि तिथेच, चाळिशी उलटल्यावर, शिडाची बोट हाकायला शिकलो. त्या अनुभवाच्या आधारे सांगायचे तर पैसा होताच, आणि भरपूर होता. परंतु तो आला तेव्हा क्लबला सव्वाशेहून अधिक वर्षे होऊन गेली होती.

हा क्लब म्हणजे 1872 साली स्थापन झालेला 'सोसिएते नोटिक द जिनेव्ह'. त्याचा धक्का सरोवराच्या डाव्या तीरावर पोर-न्वार येथे आहे. (1814 साली जिनिव्हा स्विस संघात सामील होण्याच्या सुमारास स्विस सैनिक बोटींतून उतरले, तेही इथेच.) ज्याला आपण जिनिव्हा सरोवर म्हणतो त्याला तिथले लोक 'लेमां' म्हणतात. चंद्रकोरीच्या आकाराचे हे पाणी सुमारे 73 किलोमीटर लांब आणि कमाल 310 मीटर खोल असून दक्षिण काठाचा बराच भाग फ्रान्समध्ये येतो. या काठावर राहणाऱ्या पुर्तालेस कुटुंबाने 1900 च्या ऑलिंपिकमध्ये 'लेरिना' या बोटीवर सुवर्णपदक मिळवले आणि त्या बोटीवरील एलेन द पुर्तालेस या ऑलिंपिकच्या इतिहासातील पहिल्या महिला विजेत्या ठरल्या. पुढे जिनिव्हाचे लुई नोव्हेराझ यांनी 1968 साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, रौप्यपदक जिंकले. तात्पर्य, कपाच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी वारा ओळखून होती.

या परंपरेचा कणा म्हणजे 'बोल दोर', शब्दशः सोन्याचा वाडगा, ही शर्यत. ती 1939 साली सव्वीस बोटींनिशी सुरू झाली आणि महायुद्धाच्या काळातही खंडित न होता 2018 साली ऐंशीव्या वर्षात पोहोचली. जूनमधल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजता जिनिव्हातून सुटायचे, सरोवराच्या पार दुसऱ्या टोकाला ले बुव्हरे येथे उभ्या केलेल्या तराफ्याला वळसा घालायचा आणि परत यायचे. एकूण अंतर सुमारे 123 किलोमीटर. अलीकडे चारशे-पाचशे बोटी उतरतात आणि त्यांत लक्षाधीशांच्या कार्बन फायबरच्या बोटींबरोबर बाप-लेकाची वीस वर्षे जुनी बोटही असते. मूळ करंडक कायमचा घरी न्यायचा असेल तर पाच वर्षांत तीनदा जिंकावे लागते.

अंतर फारसे नाही. अवघड आहे तो वारा. समुद्रावर एकदा वारा धरला की तो बराच वेळ साथ देतो. लेमांवर मात्र एका बाजूला आल्प्स आणि दुसऱ्या बाजूला जुरा पर्वत असल्यामुळे काठाकाठाचा वारा वेगळा आणि त्याचे नावही वेगळे. ईशान्येचा थंड, कोरडा तो 'बीज'. हिवाळ्यात तो इतका बोचरा असतो की धक्क्यावर उडालेले पाणी बाकांवर आणि मोटारींवर गोठून बसते. जुराच्या उतारावरून अचानक कोसळणारा तो 'जोरां', आणि ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सरोवराच्या वरच्या टोकावर येणारा तो 'व्होदेर'. उन्हाळ्याच्या दुपारी पुष्कळदा यांपैकी एकही नसतो. 1994 साली एका बोटीने ही शर्यत पाच तास एका मिनिटात पूर्ण केली होती, तर वारा पडला की लहान बोटींची रात्र पाण्यावरच जाते. उलट जून 2019 मध्ये शर्यत चालू असतानाच वादळ आले, वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले आणि कित्येक बोटींच्या डोलकाठ्या मोडल्या.

मला आठवते, शिकायला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी वारा पूर्ण पडला. मला वाटले, आता वल्ही काढायची. आमच्या शिक्षिकेने उलट आम्हां तिघांना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे ज्या बाजूला शीड होते तिथेच, हळूच सरकून बसायला सांगितले. बोट कलली, ढिले लोंबणारे शीड स्वतःच्या वजनाने पोटात फुगले आणि त्याला चिकटवलेला लोकरीचा धागा अगदी किंचित मागे वळला. बोलायचे नाही, हलायचे नाही, नजर फक्त दूरच्या पाण्यावर. जिथे पृष्ठभाग गडद आणि खरबरीत दिसेल तिथे वारा आहे, तिकडे जायचे. कोकणात लहानपण गेलेल्या मला, वाऱ्याच्या कणाकणाची अशी वसुली करता येते, हे तोवर माहीत नव्हते.

अशा पाण्यासाठी बोटीही तशाच लागल्या, म्हणजे अत्यंत हलक्या आणि अंगाच्या मानाने अवाढव्य शिडे असलेल्या. 1980 च्या दशकापासून दोन किंवा तीन सांगाड्यांच्या बोटी पुढे आल्या आणि 2004 पासून एकाच बनावटीच्या 'डी 35' कॅटामरानांची, म्हणजे दोन सांगाड्यांच्या बोटींची, मालिका सुरू झाली. कार्बन फायबरमध्ये हात बसलेले कारागीर सरोवराकाठीच तयार झाले. 'देसिझिओं' या स्थानिक कारखान्याने पुढे अमेरिकाज कपची बोटही बांधली आणि सौरऊर्जेवर उडणाऱ्या 'सोलर इम्पल्स' विमानाचे भागही.

आता पैशाचा भाग. औषध उद्योगातील एर्नेस्तो बेर्तारेल्ली याच सरोवरावर वाढले आणि 'बोल दोर' त्यांनी अनेकदा जिंकली. (त्यांच्या भगिनी डोना 2010 साली ही शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.) कपच्या बोटीला पुढे दिलेले 'अलिंगी' हे नाव सरोवरावरच्या त्यांच्या बोटींचेच होते. अमेरिकाज कपसाठी मात्र त्यांनी न्यूझीलंडचा विजेता कर्णधार रसेल कूट्स आणि त्याचे सहकारी आणले, लोझानच्या तंत्रविद्यापीठाला शास्त्रीय सल्लागार नेमले, आणि 2 मार्च 2003 रोजी ऑकलंडमध्ये न्यूझीलंडलाच 5-0 असे हरवले. 1851 पासून चाललेल्या या स्पर्धेत कप युरोपात येण्याची ही पहिली वेळ होती. सुकाणूवर न्यूझीलंडचा माणूस होता, हे विसरून चालणार नाही. न्यूझीलंडमधील अनेकांनी तर ही फितुरीच मानली.

गंमत पुढे आहे. तोवरच्या प्रथेनुसार पुढची स्पर्धा विजेता आपल्या पाण्यात घेत असे, पण ती समुद्रावरच हवी. त्यामुळे जिनिव्हाच्या क्लबला स्पेनमधील व्हॅलेन्सियाचा समुद्र निवडावा लागला, आणि 2007 साली तिथे त्यांनी कप 5-2 ने राखला. 2010 च्या लढतीसाठी बांधलेली प्रचंड 'अलिंगी 5' ही कॅटामरान आधी लेमांवर उतरवली आणि मग रशियन बनावटीच्या महाकाय हेलिकॉप्टरला टांगून आल्प्सवरून इटलीतील जेनोव्हाला नेली. त्या लढतीत मात्र अमेरिकनांनी 2-0 ने कप परत नेला.

कधी जूनमध्ये तिकडे जाणे झाले, तर सुटण्याच्या वेळच्या गर्दीत थांबू नका. लोझानहून पुढे जाणाऱ्या आगगाडीत उजव्या हाताची खिडकी धरा आणि दुपारी व्हेव्हेच्या पुढे कुठेही काठावर उतरा. बहुधा तिथे पन्नासएक बोटी आरशासारख्या पाण्यावर एकाच जागी उभ्या दिसतील आणि त्यांतील एखादीच, काठाला चिकटून, सरकत असेल.