‘चिंता’, ‘धास्ती’ आणि ‘बुजणे’

छत्रपती संभाजीनगर येथील वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, मनातील अस्वस्थता आधुनिक इमारतींना व शहरांना कसा आकार देते, या विषयावरील निबंधात ‘शहरी अवकाशातील चिंता’ हा शब्दप्रयोग चालेल का, आणि ‘ॲगोराफोबिया’ या मनोविकाराला मराठीत काय म्हणावे.

‘चिंता’ मला येथे पटत नाही. चिंता कशाची तरी असते. पावसाने दडी मारली की पेरणीची, पेरणी साधली की भावाची. शिवाय ‘चिन्त्’ या धातूचा मूळ अर्थच विचार करणे असा आहे, आणि विस्तीर्ण चौकाच्या कडेला पाय अडतो किंवा ठेंगण्या छताखाली श्वास कोंडतो, तेव्हा विचाराला सवडच मिळालेली नसते.

अरुंद जागा आणि मनाची तगमग यांचे नाते भाषेत फार जुने आहे. संस्कृतात ‘संकट’ म्हणजे मुळात अरुंद, दाटीचे. त्यातूनच मराठी ‘सांकडा’ म्हणजे अरुंद हा शब्द आला आणि आपण देवाला घालतो ते साकडेही. इंग्रजी ‘ॲंग्झायटी’, जर्मन ‘आंग्स्ट’ आणि वेदांतील ‘अंहस्’ हे तिन्ही शब्द आवळणे, अरुंद असणे अशा अर्थाच्या एकाच प्राचीन मुळाकडे जातात. या बाजूसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही: जीव कोंडणे, घुसमटणे, भिंती अंगावर येणे.

आधुनिक शहराने मात्र उलट बाजूचा त्रास पुढे आणला. 1871 मध्ये बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी रुंद रस्ते आणि मोकळे चौक एकट्याने ओलांडताना हतबल होणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून त्या अवस्थेला ‘ॲगोराफोबिया’ हे नाव दिले. सोबतीला कोणी असले की तेच रुग्ण सावरत. 1889 मध्ये व्हिएन्नाचे वास्तुविशारद कामिलो झिटे यांनी याच व्याधीचा दाखला देत नव्या नगररचनेतील अफाट चौकांवर टीका केली आणि जुन्या शहरांतील, चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेल्या चौकांची बाजू घेतली. त्यांनी वापरलेल्या ‘प्लाट्झशॉय’ या जर्मन शब्दातील ‘शॉय’ हा अंश घोडा बुजतो त्या क्रियेशीही जोडलेला आहे. बैल बुजलेला पाहिलेल्या कोणालाही ‘चौकात बुजणे’ समजावून सांगावे लागणार नाही, आणि ‘विवृतस्थानभीती’सारखे शब्द घडवण्याची हौसही त्यामुळे आवरता येईल.

या दोन्ही बाजू एकत्र पाहायच्या असतील तर व्हिएन्नापर्यंत जाण्याची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. उन्हाळ्यात ज्या घरात गारवा असे, तेच घर जीवघेणे ठरल्यावर लोकांनी दगडाचा धसका घेतला; कितीतरी जण उघड्यावर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये झोपू लागले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली, ती बहुतांशी सरळ आखीव रस्त्यांवर, सुटी सुटी घरे ठेवून. दाटीच्या गल्ल्या आणि भिंतीला भिंत लागलेला शेजार सोडून आलेल्या माणसाला असे गाव भकास, ओकेबोके वाटणे स्वाभाविक आहे. (पुनर्वसनाच्या अहवालांतील ‘प्रशस्त’ हे विशेषण मला म्हणूनच खटकते.) छत कोसळेल या धास्तीने जे गाव पसरट झाले, त्याच पसरटपणात माणूस बुजू शकतो.

‘धास्ती’ मला येथे नेमका वाटतो. भीती समोर असलेल्या वस्तूचीही असते, पण धास्ती न घडलेल्या गोष्टीची असते आणि ती घर बांधतानाच हात धरते: कुंपणाच्या भिंतीवर काचा बसवायला लावते, खिडक्या लहान करते. मात्र निबंधाला ‘धास्तीचे वास्तुशास्त्र’ असे नाव देऊ नये, कारण ‘वास्तुशास्त्र’ म्हटले की वाचक दिशा आणि दोष शोधू लागेल. ‘शहराची बांधणी आणि मनातील धास्ती’ हे अधिक बरे. ‘अवकाश’ टाळून ‘जागा’ वापरली तरी काही बिघडत नाही.

वैद्यकीय अर्थाने लिहिताना मात्र ‘ॲगोराफोबिया’ तसाच ठेवावा. ग्रीक ‘अगोरा’ म्हणजे बाजार, सभेची जागा; आणि आजच्या निदानात मोकळ्या मैदानाबरोबर गर्दी, रांग, बस आणि बंद जागा याही मोडतात, त्यामुळे ‘मोकळ्या जागेची भीती’ हे भाषांतर त्या व्याधीचे अर्धेच वर्णन करते.